काढून टाकलेला तिसरा आवाज

कुंदा, काल तुझ्या शोकसभेत मी गायले नाही.

अशोकरावांनी फोन करून करून माझा पिच्छा पुरवला होता. "शालूवहिनी, सिमोन वरचा आवाज गाणार आहे. कुंदाचा तुम्ही गा ना. तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे." पाठ तर आहेच. तुझा आवाज मला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण मी म्हटलं, "नाही. तिनं मला माझ्या जागेवरून उठवलं होतं. आता तिची रिकामी झाली म्हणून ती मी भरू? काहून बापा?" तुझा नवरा सज्जन माणूस, फोनवर नुसता खाकरला. म्हणाला, "तुमची मर्जी." मग मी हॉलमध्ये मागच्या रांगेत, कोट न काढता बसून राहिले. मराठी मंडळातल्या बायका वळून वळून बघत होत्या. बघा म्हटलं.

निखिलला कळलं तेव्हा तो मिल्टनहून फोनवर म्हणाला, "आई, शी'ज गॉन. लेट इट गो ना." माझा मुलगा! त्याला वाटतं राग म्हणजे जुना सोफा आहे, रस्त्याच्या कडेला ठेवून दिला की सकाळी ट्रक घेऊन जातो. मेल्यावर वैर संपतं म्हणतात. कोणाचं संपतं? मरणाऱ्याचं. तो सुटतो. तू रस्सीखेचीत मधेच दोरी सोडून निघून गेलीस आणि इकडे मी आपटले. म्हणून हे लिहून राहिले. गोड लिहिणार नाही, आधीच सांगते. गोड बोलणाऱ्या काल पुष्कळ होत्या. "कुंदाताई म्हणजे किती शांत." शांत! तू भूल देणारी डॉक्टर होतीस, समोरच्याला शांत करायचीस. स्वतः कधी होतीस?

तुझं दुखणं मला सगळ्यांत शेवटी कळलं. कळलं तशी मी हॉस्पिटलात आले. लिफ्टमध्ये वाक्यं जुळवत होते. आधी मी भांडणार, मग तू माफी मागणार, मी थोडे आढेवेढे घेणार आणि शेवटी देऊन टाकणार, असा सगळा बेत होता. तू डोळे उघडलेस. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "शालू, स्वेटर उलटा घातलायस." बस. डोळे मिटलेस. नर्सने मला बाहेर काढलं. वॉशरूममध्ये जाऊन आरशात बघितलं तर खरंच उलटा होता. अगं, हे काय शेवटचं वाक्य झालं? प्राण कंठाशी आलेत आणि बाईला माझ्या स्वेटरची शिवण दिसून राहिली.

पण तू पहिल्यापासून तशीच. सत्तरच्या दशकात आपण दोघी इथे परदेशात आलो आणि एकाच हॉस्पिटलात लागलो, तू वर ऑपरेशन थिएटरमध्ये, मी खाली फार्मसीत. कॅफेटेरियात मी वडाभाताचा डबा उघडला होता. त्या वासावर तू माझ्या टेबलापाशी आलीस आणि खुर्ची ओढायच्या आधी म्हणालीस, "कढी जरा आंबट झालीये का?" चव न घेता! मी मनात म्हटलं, पुण्याची दिसते. तर निघालीसच.

गाण्यातही तेच. तू रीतसर शिकलेली, परीक्षा दिलेली, पहिल्या वर्गात आलेली. मी नागपूरला काकांच्या बैठकीत दाराशी बसून नुसती ऐकलेली. आमच्याकडे ऐकणं हेच शिक्षण होतं. गाणाऱ्यानं काही सुंदर केलं की त्याच क्षणी तोंडातून 'वा' निघायला पाहिजे. नाही निघाली तर काका नंतर झापायचे. "झोपली होतीस का गं? तो जीव ओतून राहिला आणि तू मुक्यासारखी बसून?" दाद न देणं म्हणजे आमच्या घरी पाहुण्याला पाणी न विचारणं. तुमच्या पुण्यात काय पद्धत आहे, मला माहीत नाही.

सिमोन आपल्या आयुष्यात आली तीही तुझ्या भुलीतून. दोन हजार साल उलटून गेलं होतं, तुझं रिटायर होणं जवळ आलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक बाई शुद्धीवर येता येता गायला लागली. क्यूबेककडची फ्रेंच, शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेली. भुलीतून बाहेर येताना लोक शिव्या देतात, रडतात, एखादा बायकोसमोर भलतीचं नाव घेतो. ही गात होती, आणि सुरात. तू नंतर तिला विचारलंस, हे काय गात होतात? ती म्हणाली, पाचशे वर्षांपेक्षा जुनं फ्रेंच गाणं आहे, तीन आवाजांचं, माझ्याजवळ दोन आवाज कमी आहेत. तू तशीच खाली फार्मसीत आलीस, डोक्याला ती ऑपरेशनची टोपी, चेहरा लाल, आणि म्हणालीस, "शालू, आपण दोघी." कशात, कुठे, काही नाही. मी हो म्हणून टाकलं.

सिमोनचं अपार्टमेंट नॉर्थ यॉर्कमधल्या एका टॉवरमध्ये होतं. पहिल्या दिवशी तू इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन गेलीस. तिनं तो डोळे मिटून ऐकला, "ब्युटिफुल" म्हणाली आणि बटण बंद केलं. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ह्या गाण्यात खाली धरून ठेवायला सा नाही. परत येऊन टेकायला सम नाही. एकीनं गायचं आणि बाकीच्यांनी साथ करायची, असंही नाही. तिघी तीन वेगळ्या चाली एकाच वेळी गातात, कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि तरी मधूनमधून तिघी अशा एका ठिकाणी भेटतात की अंगावर काटा येतो.

त्यात सिमोनचा हट्ट, जुन्या रीतीनंच गायचं. त्या काळी तिन्ही आवाज एकाखाली एक लिहीत नसत, प्रत्येकाचा वेगळा लिहीत. म्हणून तिनं तिघींना तीन वेगळे कागद दिले. आपल्यापुढे फक्त आपले सूर. दुसरी कुठे पोचली ते दिसत नाही, कानांनी शोधायचं. चुकलीस तर परत शिरायला वाट नाही. आणि मात्रा द्यायची ती शेजारणीच्या खांद्यावर, बोटांनी. तुझा हात माझ्या खांद्यावर, माझा सिमोनच्या, सिमोनचा तुझ्या. कोणी खिडकीतून बघितलं असतं तर म्हटलं असतं, तीन म्हाताऱ्या भोंडला खेळून राहिल्या.

वरचा आवाज सिमोनचा, मधला तुझा, आणि उरलेला मला. तुमच्या दोघींच्या आवाजांना चाल होती. माझ्या आवाजाला चालच नव्हती. एकदम वर उडी, मग धपकन खाली, मग गप्प, मग कुठून तरी घुसायचं. घरी भांडी घासताना गुणगुणले तर निखिल म्हणाला, "इज दॅट इव्हन अ साँग?" तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "अगदी तुझ्यासारखाच आहे. मधेच तोंड घालणारा." आणि हसलीस. मीही हसले. तू विनोद करत नव्हतीस हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पण गाता गाता मला तो आवाज आवडायला लागला. तुम्ही दोघी जिथे श्वास घ्यायच्या, तिथे बरोबर मी चालती असायची. तुमच्या श्वासांच्या फटी मी बुजवायची. कोण्या जुन्या माणसानं, ज्याचं नावही सिमोनला माहीत नव्हतं, मुद्दाम एक आवाज असा करून ठेवला होता जो वेगळा कोणाला ऐकू येणार नाही, पण गाणं कुठे उसवलेलं दिसणार नाही. गोधडीच्या अस्तरासारखा. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. हे तुला म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "आयुष्यभर लोकांच्या श्वासांवर लक्ष ठेवलं. माझे कोणी तरी सांभाळतंय, बरंय." म्हणाली होतीस. गाडीत, माझ्या शेजारी बसून. आता नाही म्हणू नकोस.

सिमोनकडे जायला नेहमी माझी गाडी. तुला स्नोमध्ये चालवायची भीती, विंटर टायर लावूनसुद्धा. तू शेजारी बसायचीस आणि वाटेतच तालीम सुरू. तुझा आवाज आणि माझा, सिमोन नसलेली. तुझी बोटं माझ्या उजव्या खांद्यावर मात्रा द्यायची आणि समोर सिग्नल लाल झाला की तू तालातच "ब्रेक, ब्रेक" ओरडायचीस. मी म्हणायची, "दिसून राहिला मला!" त्या गाडीत जेवढं सुख मला मिळालं तेवढं ह्या देशात दुसरीकडे कुठे मिळालं नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. त्यानं तुझा गुन्हा कमी होत नाही.

एकदा सिमोननं अर्थ समजावला. एका बाईचा माणूस निरोप न घेता निघून गेलाय. ती म्हणते, मी काळं नेसेन, कोणासाठी ते कोणाला सांगणार नाही, आणि तू परत आलास तर दार उघडणार नाही. आपल्या धृपदासारखं ते फिरून फिरून येतं, दार उघडणार नाही, दार उघडणार नाही. मी म्हटलं, "ही उघडणार बघ. नाहीतर इतक्या वेळा कशाला सांगेल?" तू म्हणालीस, "मुळीच नाही. एखादीला स्वाभिमान असतो." त्यावर आपण घरी येईपर्यंत भांडलो. माझ्या ड्राइव्हवेमध्ये गाडी बंद केली, काचांवर वाफ धरली, तरी भांडत होतो. त्याचा निकाल राहिला तो राहिलाच.

मग ती चर्चमधली संध्याकाळ. सिमोनच्या ओळखीच्या लोकांनी जुन्या गाण्यांचा छोटासा कार्यक्रम ठेवला होता. गाण्यातली बाई काळं नेसते म्हणून आपणही काळ्या चंद्रकळा नेसायच्या ठरवल्या, आणि सिमोनला तू पिना लावून लावून तुझ्या चंद्रकळेत उभी केलीस. ती सारखी निऱ्या धरून चालत होती. आपली मंडळी पुढच्या दोन बाकांवर, जाड जाकिटं मांडीवर घेऊन बसलेली. अशोकरावांच्या हातात कॅमेरा. मला आठवतं, सुरू करायच्या आधी तुझी बोटं माझ्या खांद्यावर गार पडली होती. तुला भीती वाटत होती. मला नव्हती.

पहिलं धृपद सुरेख गेलं. मधे एक जागा येते. सिमोन थांबलेली असते, तू एकटी वरून पायरी पायरीनं खाली येतेस, एका सुरावर टेकतेस, श्वास घेतेस, आणि त्या श्वासावर मी शिरायचं. शेकडो वेळा केलेलं. पण त्या दिवशी तू काय केलंस गं? काही केलं नाहीस. हरकत नाही, मुरकी नाही, तेच सूर. पण त्या दगडी भिंतींमध्ये तुझा तो शेवटचा सूर असा येऊन टेकला की मी गाते आहे हेच विसरले. माझा हात सिमोनच्या खांद्यावरून उठला आणि तोंडातून निघालं, "वा!"

चांगलं खणखणीत. नागपूरचं.

तेवढ्यात माझी मात्रा निघून गेली. कागदावर बघते तर फक्त माझे सूर, तुम्ही दोघी कुठे पोचलात ते कळेना. सम असती तर समेवर पकडलं असतं. मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले आणि तुम्ही शेवटपर्यंत गेलात. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. लोकांना वाटलं, ते 'वा' गाण्यातलंच आहे. तुझी बोटं मात्र शेवटपर्यंत माझ्या खांद्यावर चालू होती. तू मला वाट दाखवत होतीस की टोचत होतीस, ते मला अजून समजलेलं नाही.

खाली बेसमेंटमध्ये कॉफी आणि आपल्याच बायकांनी केलेले समोसे होते. मी तुझी वाट बघत होते. वाटलं, हसशील, पाठीत धपाटा घालशील. तू कागदी प्लेट घेऊन आलीस आणि शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं म्हणालीस, "तू गप्प झालीस तरी गाणं पडलं नाही. बघितलंस ना? कोणाला कळलंसुद्धा नाही."

"अगं, दाद दिली मी तुला!"

"मी मागितली नव्हती."

"दाद काय मागून देतात?"

"ही बैठक नाहीये, शालू. दाद द्यायची असेल तर समोर बसत जा." आणि समोशाचा तुकडा चटणीत बुडवून खाल्लास. निवांत.

खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं. सिमोननंच पूर्वी सांगितलं होतं की ह्या गाण्यांत वरचा आणि मधला मिळून भागतं, तिसरा काढला तरी चालतं. मलाही माहीत होतं. अगं, घरही पडद्यांवाचून उभं राहतं. म्हणून जानेवारीत कोणी पडदे काढून फेकतं का?

पुढच्या शनिवारी मी गाडी गरम केली, काचा खरवडल्या आणि तुझ्या दाराशी आले. अशोकरावांनी दार उघडलं. म्हणाले, "ती बसनं गेली." बसनं! बर्फ पडला की मेलबॉक्सपर्यंत जायला जिला सोबत लागायची ती बाई बस बदलून नॉर्थ यॉर्कला गेली, मला टाळायला. मी दारातच समजले. सिमोनकडून फोन आला नाही. मीही केला नाही. म्हटलं, तिलाही मी नकोशी झाले असेन.

मी काही रडत बसणाऱ्यातली नाही. सूड घेतले. लहान लहान, पण मन लावून. गणपतीत सगळ्या तुझ्या मोदकांचं कौतुक करत होत्या तेव्हा मी सहज म्हटलं, "फ्रोझन आता किती छान मिळतात, नाही?" पुढच्या गणपतीत तू सकाळपासून मंडळाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर उभी राहून पाकळ्या पाडत बसलीस आणि पहिला मोदक माझ्या ताटात वाढलास. खाल्ला. उत्तम होता. तो तुझा सूड. मग तुझ्या हळदीकुंकवाच्या दिवशीच मी माझं ठेवलं, आणि बायका वाणाच्या पिशव्या घेऊन स्लशच्या बर्फाळ चिखलातून दोन्हीकडे धावल्या. तो माझा.

दिवाळीत फराळाची ताटं मात्र येत-जात राहिली. तुझं अशोकराव आणून द्यायचे, माझं निखिल नेऊन द्यायचा. आपण बोलत नव्हतो, चकल्या बोलत होत्या. तुझ्या ताटाबरोबर दरवर्षी मधाची एक बाटली यायची. काळसर, बकव्हीटच्या फुलांचा, मला आवडतो तोच. अशोकरावांना विचारलं तर म्हणाले, "सेलवर होता म्हणाली." म्हटलं, असेल. पुण्याची बाई सेल सोडणार आहे होय? गरम पाण्यात घालून संपवत गेले.

काल सिमोन एकटी गायली. काठी टेकत उभी राहिली. आवाज जरा चिरकला, पण गायली. तू नाहीस, मी नाही. वरचा एकटा आवाज आणि खाली काही नाही. लोकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. डोक्यात तुझा चालला होता, माझा चालला होता, आणि कोटाच्या खिशात माझी बोटं मात्रा देत होती. अशी चीड आली मला त्या बोटांची.

नंतर कोट-बूट घालायच्या गर्दीत सिमोन माझ्यापाशी आली. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "शालिनी, हाउ इज युअर थ्रोट?"

माझा घसा? माझ्या घशाला काय धाड भरलीय? ती चाचरली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तू तिला सांगितलं होतंस, शालिनीच्या घशात गाठी झाल्यात, डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद केलंय. त्याबद्दल बोललेलं तिला सहन होत नाही, तेव्हा फोन करू नकोस. म्हणून तिनं कधी केला नाही. "आय ओन्ली सेंट द हनी," म्हणाली. "एव्हरी इयर. डिड शी गिव्ह इट टू यू?"

मी अर्धा बूट घातलेला, तशीच भिंतीला टेकले. "शी गेव्ह इट," म्हटलं.

कुंदा, तू माझ्या घशाला गाठी दिल्यास! डॉक्टर ना गं तू? धडधाकट गळा माझा, आजही तुमच्या मंडळातल्या कोणत्याही तिशीतल्या पोरीला ऐकत नाही. सिमोन म्हणाली असती, शालिनीला परत बोलाव. म्हणून तू आधीच तिला भूल दिलीस, आणि मलाही. मी इतकी वर्षं समजत राहिले की त्या बाईनं मला टाकलं, आणि ती तिकडे माझ्यासाठी मध निवडत होती. आणि तू! एवढं धडधडीत खोटं बोललीस आणि मध मात्र न चुकता पोचवलास? खाऊन टाकला असतास तर मला तुझा नीट राग तरी करता आला असता, मेले. तेवढंही सरळ होऊ दिलं नाहीस.

का केलंस? माझी लाज वाटली? की ते 'वा' तुला कुठे तरी लागलं? तुला मार्क मिळाले होते, ढाल मिळाली होती, पण भर गाण्यात कोणी दाद दिली नव्हती, हे तूच मला सांगितलं होतंस. मग मिळाली तेव्हा एवढा राग काहून? आवडलं म्हणून की आवडलं नाही म्हणून? आता विचारते तर तू हार घालून फोटोत बसलीस. आणि आपली ती गाण्यातली बाई दार उघडते की नाही, तेही तसंच राहिलं.

निघताना दाराशी अशोकराव सगळ्यांना एकेक सीडी देत होते. तू आणि सिमोननं मागे कधी तरी रेकॉर्ड केलेलं गाणं. मीही घेतली. घरी जाऊन कचऱ्यात टाकायची म्हणून घेतली.

आज सकाळी ग्रोसरीला गेले. निघताना स्वेटर सुलटा आहे ना ते दोनदा बघितलं. सामान घेऊन गाडीत येऊन बसले, तिथेच पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू केलं, हीटर लावला आणि पर्समधून ती सीडी काढून लावली. तुझ्या सीटवर दुधाच्या पिशव्या होत्या.

आधी नुसतं ऐकलं. सिमोन वर, तू खाली. गाणं उभं होतं. तू म्हणाली होतीस तसंच, चांगलं भक्कम उभं होतं. पण श्वास ऐकू येत होते. तिचे, तुझे, प्रत्येक ओळीनंतर, उघडे. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बघ आता. झाक की. कोण झाकून राहिलं?

मग परत लावली आणि माझा आवाज गायले. कागद लागला नाही. पूर्ण गळ्यानं, काचा बंद करून. शेजारच्या गाडीतला माणूस सँडविच खायचा थांबला. तू मला थांबवू शकत नव्हतीस, शालू. बघ, चिडून तुझ्यासारखं बोलायला लागले. तू मला थांबवू शकत नव्हतीस, कुंदा. आता मला काढायचं तर तुला सीडीतून बाहेर यावं लागेल. हा खरा सूड, म्हटलं. मोदक-बिदक काही नाही. रोज घेणार.

ती जागा आली. सिमोन थांबली. तू उतरायला लागलीस, पायरी पायरीनं, आणि टेकलीस. मी दातओठ खाऊन गप्प राहिले आणि बरोबर मात्रेवर शिरले. चर्चमध्ये चुकलेलं एकदाचं बरोबर आलं. पुढे शेवटपर्यंत तिघी गेलो. कुठे फट नाही, कुठे उसवलेलं नाही. जिंकले मी.

आणि मग लक्षात आलं की त्या जागेवरचा तुझा श्वास मला ऐकू आला नाही. माझ्या आवाजाखाली गेला. मीच झाकला.

स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. हीटर घों घों करत होता. अगं, तू जाळून झालीस. राख घेऊन अशोकराव पुढच्या महिन्यात नाशिकला जाणार. तुझं म्हणून जगात श्वास घेणारं एवढंच उरलंय, ह्या तबकडीत. ते ऐकू की माझं गाऊ? काय गोची करून गेलीस माय माझी.

परत लावली. ह्या वेळी गायले नाही. माझा आवाज मीच काढला, तुला हवा होता तसा. खूश होऊ नकोस. तू वरून आलीस, पायरी पायरीनं, टेकलीस, आणि श्वास घेतलास. स्वच्छ. इथे शेजारच्या सीटवर घेतल्यासारखा. माझा हात आपोआप उठला.

"वा!" म्हटलं मी. अख्ख्या गाडीत दणकून. "वा, कुंदा!"

तू गातच राहिलीस. उद्या परत म्हणणार आहे, त्याच जागी. ये, काढ मला.